पुण्यात कुठं?

सोलापुरात एखाद्याचा मुलगा इंजिनिअर झाला की लोक "नोकरी लागली का?" असं विचारत नाहीत. "पुण्यात कुठं?" असं विचारतात. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा यांतलं एखादं नाव आलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं. "सध्या इथंच आहे" असं उत्तर आलं तर विषय उन्हावर जातो.

शैक्षणिक कर्जाबद्दल मला जे वाटतं त्याची सुरुवात या प्रश्नापासून होते. मी एका सरकारी बँकेत नोकरी केली आणि त्यातली बरीच वर्षं शहराच्या पूर्व भागातल्या शाखांमध्ये गेली. गिऱ्हाईक म्हणजे यंत्रमागवाले, गारमेंटवाले, टॉवेलच्या कारखान्यांतले कामगार, विडी वळणाऱ्या बायका. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी आणि बँकेच्या काउंटरवर दोन्हींची सरमिसळ. निवृत्तीनंतर टेबल सुटलं, माणसं सुटली नाहीत. जून संपत आला की घरी फायली येऊ लागतात. फायलीत सीईटीचं स्कोअरकार्ड, कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश राउंडची प्रिंट, कॉलेजचं फीचं पत्रक, आधारच्या झेरॉक्स. प्रश्न ठरलेला: "साहेब, कर्ज काढावं का? फिटतंय का ते?"

जाहिरातींत याचं उत्तर सोपं असतं. शिक्षण ही गुंतवणूक आहे, डोळे झाकून करा. मला ते खोटं वाटत नाही, अर्धं वाटतं. फायदा झाला तर तो पुण्यात, बंगळुरात नाहीतर टेक्सासात, आणि तोटा झाला तर तो मात्र पूर्व भागातल्या दोन खोल्यांच्या घरावर येऊन बसणार, अशी ही गुंतवणूक आहे. ती करू नये असं मी म्हणत नाही. पण जोखीम कुणाच्या अंगावर आहे ते आधी नीट बघावं, एवढं तर कुठलाही व्यापारी करतो.

माझं स्वतःचं शिक्षण कर्जाशिवाय झालं. वडील गिरणीत होते, मी अनुदानित कॉलेजात बी.कॉम. झालो, आणि फी एवढी किरकोळ होती की घरात त्यावर कधी बैठक बसल्याचं आठवत नाही. त्यात माझी हुशारी काही नव्हती. माझ्या शिक्षणाचा खर्च सरकारने म्हणजे सगळ्यांनी मिळून केला होता, आणि पुढे नोकरीभर कर भरून मी तो फेडला असं समजायचं. मग १९८३ साल आलं. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली. सोलापूरचं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी त्याच वर्षीचं. त्याआधी इथली पोरं कर्नाटकात डोनेशन भरून जायची. आम्हाला तर गुलबर्गा पुण्यापेक्षा जवळ. जागा वाढल्या, गावात इंजिनिअर तयार होऊ लागले, हे चांगलंच झालं. पण खर्च सरकारच्या खिशातून घराच्या खिशात सरकला, आणि तो भागवायची बँकेची सोय मात्र लगेच आली नाही. भारतीय बँक संघाची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली २००१ मध्ये. मधल्या अठरा वर्षांत लोकांनी काय केलं? सोनं मोडलं, प्लॉट विकला, चारातले दोन माग विकले, सावकाराकडे गेले. शैक्षणिक कर्जाला नावं ठेवताना मी हे विसरत नाही. बँकेचं कर्ज नव्हतं तेव्हा माणसं कर्जमुक्त नव्हती. फक्त व्याज शेकड्याला महिन्याचं असायचं.

आता आकडे मांडतो, कारण आकडे न मांडता या विषयावर बोलणारे फार आहेत.

चार वर्षांचं इंजिनिअरिंग, वर्षाला दीड लाख, एकूण ६ लाख कर्ज. व्याज १० टक्के धरू. बँकेनुसार आणि रेपो दरानुसार ते खालीवर होतं, पण १० ने हिशेब तोंडी करता येतो. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो. लोक त्याला सवलत म्हणतात. सवलत हप्त्याला असते, व्याजाला नसते. पहिल्या वर्षी उचललेल्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज चढतं, दुसऱ्या वर्षीच्या दीड लाखावर चार वर्षांचं, मग तीन, मग दोन. सरळव्याजानेसुद्धा ही बेरीज २ लाख १० हजार होते. पाच वर्षांनी ती मुद्दलात मिळते आणि ६ लाखांचं कर्ज ८ लाख १० हजारांचं होऊन समोर येतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १०,७०० रुपये. पंधरा वर्षांत फेडायचं तर ८,७०० रुपये, पण मग एकूण भरणा साडेपंधरा लाखांच्या पुढे जातो.

हेच व्याज शिकत असताना महिन्याच्या महिन्याला भरत गेलं तर? पहिल्या वर्षी महिना १,२५० रुपये, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५०, पुढे ५,०००. शेवटी मुद्दल ६ लाखच राहतं आणि दहा वर्षांचा हप्ता ८ हजारांच्या आत येतो. पहिल्या वर्षाएवढी भिशी तर पूर्व भागातल्या प्रत्येक घरात चालू असते. पण भिशी भरणारी बाई बँकेचं व्याज भरायला तयार नसते, कारण "अजून हप्ता सुरूच झाला नाही ना?" तिचं चुकत नाही. बँकेने तिला तसंच सांगितलेलं असतं.

सोलापूरकराला उणे टक्के समजावून सांगावे लागत नाहीत. उजनी धरणाची साठवण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी. उन्हाळ्यात पाणी त्याच्या खाली उतरलं की पेपरात 'उजनी उणे इतके टक्के' अशी बातमी येते. पावसाळा लागला तरी आधी तो खड्डा भरतो, मग शून्य, मग टक्के. आणि खड्डा भरणारं पाणी आमच्या पावसाचं नसतंच. ते पुण्याकडच्या धरणांतून, दौंडच्या विसर्गातून येतं. कर्ज काढून शिकलेल्या मुलाचं खातं असंच असतं. बावीसाव्या वर्षी तो शून्यावर नसतो, उणे आठ लाखांवर असतो. तो खड्डा पुण्याच्या पगाराने भरायचा असतो. पुण्यात पाऊस कमी झाला की इथे काय होतं, ते आम्ही दर काही वर्षांनी बघतोच.

पुण्याचा पाऊस, म्हणजे पगार, केवढा आहे? मोठ्या आयटी कंपन्यांत नव्या इंजिनिअरचं पॅकेज साडेतीन लाखांच्या आसपास आहे आणि गेली दहा-बारा वर्षं ते फारसं हललेलं नाही. फी मात्र हलली, खोलीचं भाडंही हललं. साडेतीन लाख म्हणजे हातात चोवीस-पंचवीस हजार. खाटेचं भाडं, मेस, बसचा पास, मोबाइल, सणाला गावी येणं, यात बारा-तेरा हजार जातातच. उरलेल्या बारातून १०,७०० चा हप्ता. मग आजारी पडायचं नाही, बहिणीच्या लग्नाला रजा घ्यायची पण आहेर करायचा नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नोकरी सोडायची नाही.

माझ्या मते या कर्जाची खरी किंमत व्याजात नाही, इथे आहे. हप्ता चालू असलेला मुलगा थांबू शकत नाही. बरी नोकरी मिळेपर्यंत चार महिने वाट बघायची, एखादा चांगला कोर्स करायचा, स्पर्धा परीक्षेचा एक प्रयत्न करायचा, साहेब शिव्या देतो म्हणून राजीनामा टाकायचा, हे सगळं ज्याच्या बापाने फी रोख भरली त्याला जमतं. वर्ग एक, पदवी एक, गुण एकसारखे. पण एकजण पहिली मिळेल ती नोकरी धरतो आणि दुसरा निवडून धरतो. पाच वर्षांनी दोघांच्या पगारात जो फरक पडतो, त्याला लोक हुशारी म्हणतात.

परत येण्याचंही तेच. माझ्या ओळखीतला एक मुलगा मेकॅनिकल झाला, चाकणला लागला. वडिलांचं शाळेच्या गणवेशांचं छोटं गारमेंट युनिट. सोलापूरचे गणवेश बाहेरच्या राज्यांत जातात, हा धंदा इथे वाढतो आहे, आणि या पोराला मशिनं, शिलाई, कापड सगळं लहानपणापासून कळतं. त्याला परत येऊन युनिट वाढवायचं होतं. पण युनिटमध्ये पहिली दोन वर्षं घरातल्या माणसाला पगार नसतो, आणि बँकेला दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे लागतात. तो चाकणलाच आहे. ज्या शिक्षणासाठी सोलापूरच्या घराने कर्ज काढलं, त्या शिक्षणाचा उपयोग सोलापूरला होऊ नये याची व्यवस्था त्या कर्जानेच केली. यात कुणाचा दोष आहे असं नाही. व्यवस्थाच तशी बसली आहे.

म्हणून मी आता लोकांना एक उलटा सल्ला देतो. मुदत लांबची घ्या, पंधरा वर्षांची. एकूण व्याज जास्त दिसतं म्हणून लोक घाबरतात, "दहातच उरकू" म्हणतात. पण लांब मुदतीचा हप्ता लहान असतो आणि पहिली तीन वर्षं लहान हप्ताच मुलाला श्वास घेऊ देतो. पगार वाढला की जास्तीचे पैसे भरून कर्ज लवकर मिटवता येतं. बदलत्या व्याजदराच्या कर्जावर मुदतीआधी फेडल्याचा दंड बँक लावत नाही. शिस्त मात्र लागते. पगार वाढल्यावर पहिली बुलेट येते की पहिला जादा भरणा, हे घराघरावर आहे.

आता एका कागदाबद्दल. केंद्र सरकारची व्याज अनुदान योजना २००९ पासून आहे. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि कॉलेज किंवा अभ्यासक्रम नॅक-एनबीएचा मानांकित असेल, तर शिकतानाचं आणि पुढच्या एका वर्षाचं व्याज सरकार भरतं. म्हणजे वरच्या हिशेबातले २ लाख १० हजार गेले, ६ लाखांचे ६ लाखच राहिले. त्यासाठी लागतो तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. पूर्व भागातल्या बहुतेक घरांना तो सहज मिळेल, कारण उत्पन्न खरंच तेवढं नाही. पण हा दाखला लोक शिष्यवृत्तीसाठी काढतात, कॉलेजात देतात आणि बँकेत द्यायला विसरतात. दिला तरी शाखेतला माणूस बदलतो, पोर्टलवर मागणी टाकायची मुदत निघून जाते, आणि पाच वर्षांनी अनुदान कुठे आहे म्हणून विचारायला गेलेल्या बापाला "वरून आलं नाही" हे उत्तर मिळतं. दाखला देताना पोच घ्या, दरवर्षी खात्यावर अनुदान जमा झालं का बघा. सोलापुरात लोक बाजार समितीत कांद्याच्या पट्टीवर दोन रुपयांसाठी भांडतात, आणि दोन लाखांसाठी काउंटरवर भांडायला लाजतात.

कर वाचतो, आयकरात या व्याजाची वजावट मिळते, हेही कुणीतरी सांगतं. मिळते, आठ वर्षं, रकमेची मर्यादा नाही. पण जुन्या करपद्धतीत. आणि साडेतीन लाखांच्या पगारावर मुळात कर किती असतो? ती सवलत ज्यांना लागत नाही त्यांच्याच कामाची.

तारणाचा मामला वेगळा. योजनेनुसार साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला घर-जमीन तारण मागायचं नसतं. २०१५ पासून त्याला सरकारची पतहमी आहे. त्याच्या वर गेलं की घराचा कागद येतो. आणि सोलापुरात घराच्या कागदाची एक वेगळी रड आहे: गुंठेवारी, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्यागुंठ्याने विकलेले प्लॉट. अर्ध्या वस्त्या गुंठेवारीच्या, बँकेचा वकील त्या कागदाकडे बघून मान हलवतो. म्हणजे घर आहे, पण बँकेच्या दृष्टीने नाही. दुसरी अडचण आईच्या नावावरची. बचत गटाचं किंवा मायक्रोफायनान्सचं कर्ज थकलेलं असतं, बहुतेकदा कुणाच्या तरी दवाखान्यासाठी काढलेलं, आणि सहकर्जदार म्हणून तिचं सिबिल, म्हणजे कर्जफेडीची नोंद, काढलं की मुलाची फाइल थांबते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना तारण आणि जामीन दोन्ही मागत नाही, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत देते. चांगली आहे. पण ती देशातल्या निवडक संस्थांसाठी आहे (मंजुरीच्या वेळी ८६०) आणि व्याजाची सवलत वर्षाला १ लाख विद्यार्थ्यांना. ज्या मुलाला अशा संस्थेत प्रवेश मिळतो त्याच्या मागे बँका अशाही धावतात. ज्याला मिळत नाही, त्यालाच साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसावं लागतं.

मी बघितलेल्यांपैकी सगळ्यात चोख फिटलेली कर्जं इंजिनिअरांची नव्हती. नर्सिंगच्या मुलींची होती. विडी कामगाराची मुलगी, अडीच-तीन लाखांचं कर्ज, बी.एससी. नर्सिंग किंवा जीएनएम, आणि निकाल लागायच्या आत पुण्याच्या किंवा हैदराबादच्या हॉस्पिटलात नोकरी. चौथ्या-पाचव्या वर्षी खातं बंद करायला ती स्वतः यायची, पेढे घेऊन. त्या पेढ्यांचं अप्रूप मला होतं, कारण इंजिनिअरांचे बाप पेढे आणायचे ते कर्ज मंजूर झालं तेव्हा. लहान रक्कम, हमखास मागणी असलेलं काम, हातात कौशल्य: या तिन्ही गोष्टी जुळल्या की कर्ज निमूट फिटतं. पण लग्नाच्या बाजारात नर्सला जो मान नाही तो तिसऱ्या फळीच्या कॉलेजातल्या इंजिनिअरला आहे, म्हणून फाइल तिकडे झुकते. मुलींच्या बाबतीत २०२४ पासून एक मोठा बदल झाला. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क राज्य सरकारने पूर्ण माफ केलं. आता तिच्यासाठी प्रश्न उरतो होस्टेल-मेसचा. फी माफ झाल्यावरही "एवढ्या लांब कशाला पाठवायची" म्हणणारे भेटतात. तेव्हा कळतं की आधीही अडचण फीची नव्हती.

परदेशाबद्दल थोडक्यात, कारण त्यात माझा अनुभव थोडा आणि रक्कम फार मोठी. जुळे सोलापुरातला बंगला तारण, चाळीस लाखांचं कर्ज, अमेरिकेत एम.एस. कर्ज रुपयांत, कमाई डॉलरमध्ये, म्हणून हिशेब झकास दिसतो, कमाई डॉलरमध्ये सुरू झाली तर. पदवीनंतर एक वर्ष काम करायची परवानगी, विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना आणखी दोन वर्षं, पुढे एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-१बी अर्जावर १ लाख डॉलरचं शुल्क जाहीर केलं तेव्हा आमच्या कॉलनीत रात्री एक वाजता दिवे लागलेले होते. पुढच्या महिन्यात खुलासा आला, तिथेच शिकून व्हिसा बदलून घेणाऱ्यांना ते लागू नाही. दिवे बंद झाले, पण ज्या घराचं तारण एका सहीवर हलू शकतं त्या घरात झोप कशी लागते, मला ठाऊक नाही. रशिया, किर्गिझस्तान, युक्रेनच्या एमबीबीएसबद्दल तर मी स्पष्टच नको म्हणतो. युद्धाचं सोडा, तिथून आल्यावर इथली पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि तिच्यात बहुसंख्य मुलं नापास होतात. तोवर हप्ता सुरू झालेला असतो.

कर्ज काढून शिकावं का, असं कुणी विचारलं की मला हटकून डॉ. आंबेडकर आठवतात. १९१३ मध्ये ते अमेरिकेला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार. म्हणजे परतफेड पैशाने नव्हती, कामाने होती. १९१७ मध्ये ते कराराप्रमाणे बडोद्यात हजर झाले, आणि त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतून त्यांना हुसकावण्यात आलं. नोकरी सोडून ते मुंबईला परतले. पुढे १९२० मध्ये लंडनचं अर्धं राहिलेलं शिक्षण पुरं करायला निघाले तेव्हा गाठीला सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत होती, शाहू महाराजांची मदत होती, आणि नवल भथेना या मित्राने उसने दिलेले ५,००० रुपये होते. लंडनची डी.एससी. आणि बॅरिस्टरी त्यातून झाली. त्या ५,००० रुपयांएवढी फळलेली शैक्षणिक उचल या देशात दुसरी नसेल.

पण मला जास्त विचार करायला लावतो तो बडोद्याचा करार. देणारा उदार होता, घेणारा असामान्य होता, कागद चोख होता, तरी बेत फसला. कारण ज्या गावात कमवायचं ते गाव त्याला कसं वागवेल, हे करारात कुठेच नव्हतं. आजच्या अर्जातही नसतं. बँक मुलाचे गुण बघते, बापाचं उत्पन्न बघते, कॉलेजचं मानांकन बघते. मुलाखतीत त्याच्या इंग्रजीवर, आडनावावर, सोलापुरी हेलावर कोण हसणार आहे, याचा रकाना नाही. पहिल्या पिढीतला पदवीधर आणि तिसऱ्या पिढीतला पदवीधर यांना एकाच व्याजदराने कर्ज मिळतं, याला आपण समानता म्हणतो.

ऑस्ट्रेलियाने १९८९ मध्ये यावर एक तोड काढली. फीचा भार सरकार उचलतं, आणि पदवीधराचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की करासोबत थोडीथोडी वसुली होते. उत्पन्न खाली आलं की वसुली थांबते. आपल्याकडे अशी पद्धत चालेल का? निम्मी कमाई रोखीत, कर भरणारे मोजके. वसुली कशी करणार? माझ्यातला बँकवाला नाही म्हणतो. पण चाकणचा तो मुलगा डोळ्यांसमोर आला की वाटतं, निदान हप्ता पगार बघून सुरू व्हायला काय हरकत आहे? सध्या तो कॅलेंडर बघून सुरू होतो.

यंदाच्या जुलैत शेजारचा मुलगा आई-बापाला घेऊन आला होता. बाप टॉवेलच्या कारखान्यात, आई विडी वळते. कॅपमधून सोलापुरातल्याच कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स लागलेलं. दुसरीकडे पुण्याबाहेरच्या एका कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून कॉम्प्युटर मिळत होतं. होस्टेल धरून नऊ लाखांच्या वर. "काका, इथं कंपन्या येत नाहीत," मुलाचं म्हणणं. मी म्हटलं, तिथे किती येतात ते माहितीपुस्तकावरून सांगू नकोस. मागच्या वर्षी पास झालेल्या पाच जणांना फोन कर आणि हातात किती पडतात विचार. त्याने केले. दोघांनी उचलले नाहीत, एकाने पॅकेज सांगितलं आणि हातातलं सांगायचं टाळलं, दोघे अजून 'प्रोसेसमध्ये' होते.

आई एवढा वेळ गप्प होती. तिने एकच विचारलं, "घराचा कागद द्यावा लागतो का?" कुंभारीच्या विडी घरकुलातलं घर, तिच्या नावावरचं. नऊ लाख म्हणजे साडेसातच्या वर, तारण येणार, असं मी सांगितलं. "मग नको," ती म्हणाली. विषय तिथे मिटला. मुलगा रागावला, आणि त्याचा राग मला पटतो. त्याच्या जागी शिक्षकाचा मुलगा असता तर गेला असता.

इथलंच कॉलेज घेतलं. चार वर्षांचं मिळून पावणेतीन लाखांचं कर्ज, जेवण घरचं, दाखल्याची पोच घेतलेली. दिवाळीत आईबरोबर फराळाचा डबा घेऊन आला तेव्हा जरा नीट बोलला. एम.टेक. करायचं म्हणाला. आईने मधेच बजावलं, काय करायचं ते कर, घरकुलाचा कागद मागायचा नाही. तो म्हणाला, "अम्मा, गेट दिली तर कागद कशाला लागतो? महिन्याला १२,४०० रुपये तेच देतात." शिकायचे पैसे उलट आपल्यालाच मिळतात हे तिला काही खरं वाटेना. तिने माझ्याकडे बघितलं. खरं आहे म्हणून मी सांगितलं. गेटला किती मुलं बसतात आणि चांगल्या जागा किती असतात, ते मात्र मुलाला घराबाहेर गाठून सांगायचं आहे.